उष्टी हळद

सोनीबाईंनी दोन्ही तळवे भरून हळद घेतली तशी नवरीची आई रत्ना लगबगीने पाटाकडे वळली.

“विहीणबाई, गालाला तेवढी लावा हं,” ती हसत म्हणाली. हसणं भागच होतं. सोनीबाई म्हणजे नवऱ्यामुलाची सख्खी आत्या. अमृतच्या अंगाची उष्टी हळद घेऊन ओतूरहून पाचजणी आल्या होत्या, त्यांची ही म्होरकी.

“गालाला तेवढी? आन् बाकीची काय माघारी न्यायची?” सोनीबाई म्हणाल्या. मांडवात हशा पिकला. “आमच्यात नवरी कशी पिवळीधम्मक माखत्यात!”

आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांनी दोन्ही हात ओढले. पाटावर बसलेल्या आरोहीने डोळे गच्च मिटले होते. हात पुन्हा वर गेले, पापण्यांवरून फिरले, चांगले रगडून फिरले. मायेनेच रगडत होत्या बिचाऱ्या, त्यांना काय माहीत?

चष्म्याचा नंबर घालवायला आरोहीच्या डोळ्यांना लेसर करून आज पाचवा दिवस होता. पुण्याच्या डॉक्टरने तीन तऱ्हा नीट समजावून सांगितल्या होत्या. एकीत बुबुळावरचा पातळ पापुद्रा कापून उचलायचा, खाली लेसर मारायचा आणि पापुद्रा परत बसवायचा. दुसरीत पापुद्र्याची भानगड नाही, पण नजर बसायला महिना जातो. तिसरीत डोळ्याच्या आत भिंगच बसवायचं. रत्नाने एवढंच विचारलं, “लवकर बरी कोणती व्हती?” तो म्हणाला, पहिली; मग तीच केली. लग्न आठवड्यावर आलंय, हे तिने सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता. त्याने बजावलं होतं, डोळ्यांत पाणी नको, भुकटी नको, चोळायचं तर अजिबात नाही, पापुद्रा सरकेल. रत्ना प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेली. हळदीचं तिच्या ध्यानातच आलं नाही. पोरीला न्हाऊमाखू घालायचंय, ही गोष्ट आई विसरते का कधी? पण विसरली खरी. तिच्या डोक्यात नुसता चष्मा होता. पाहायला आले तेव्हा सोनीबाईंनीच विचारलं होतं, “पोरीला चष्मा-बिष्मा न्हाई ना?” आणि साडेपाच नंबरच्या पोरीची आई फटकन “न्हाई” म्हणून मोकळी झाली होती.

“आई गं!” आरोही ओरडली आणि हळदीच्याच हातांनी तिने दोन्ही डोळे चोळले.

“थांब, थांब, पाणी घाला तिच्या तोंडावर,” कुणीतरी म्हणालं. रत्ना “नको, नको” करत पुढे होईतो तांब्या उपडा झाला होता.

तिसऱ्या प्रहराची वेळ. रत्नाने आत जाऊन दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा डॉक्टर सगळं ऐकून म्हणाला, “आत्ता निघा. आजच्या आज पापुद्रा जागेवर बसवावा लागेल. उशीर केलात तर नजरेची खात्री मी देणार नाही.”

तिने नवऱ्याला कोठीच्या खोलीत ओढलं. गोरख तांदळाच्या पोत्याला टेकून ऐकत राहिला.

“हळद लागलेली पोर वेशीभाईर न्यायची? डोकं फिरलंय का तुझं?”

“डोळं जातील वो तिचं.”

“आन् काय सांगून नेणार?”

“खरं सांगीन.”

“मग सांग ना! त्या बघ बसल्यात मांडवात. जा, सांग.”

रत्ना तरातरा दारापर्यंत गेली. मांडवात सोनीबाई पंगतीत बसून गेणभाऊ आचाऱ्याला सांगत होत्या, “आमची सून लई गुणाची हाय बरं का, खाली मान घालून बसली व्हती.” रत्नाचा पाय उंबऱ्यावरच राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मागून गोरख हलक्या आवाजात म्हणाला, “उद्या दुपारी अक्षदा पडू दे. संध्याकाळीच नेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आतल्या खोलीत आरोही भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल, पाण्याची धार थांबत नव्हती. रत्नाने पदर पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पुसायचंसुद्धा नव्हतं.

“आई, सगळं फाटल्यागत दिसतंय. उजव्यानं तर नुसता उजेड.”

“चोळू नको, बाळा.”

“चोळत नाय. तू जा ना, सांग त्यांना.” तिने अंदाजाने आईचा हात धरला. “चष्मा नाय म्हणून तूच सांगितलं व्हतं ना? मग आता बी तूच सांग.”

रत्नाने तोंड उघडलं. तेवढ्यात दार लोटून सोनीबाईच आत आल्या. हातात मोबाइल, चेहरा आनंदाने फुललेला.

“अगं बाई, रडती व्हय गं? माहेर सुटायचं म्हणून?” त्यांचेही डोळे भरून आले. “अमृत, ए अमृत, बघ रे तुझी नवरी, रडून रडून डोळं कसं लाल केल्यात! आरोही, इकडं बघ. लाइनवर हाय तो. जरा हास की.”

मोबाइलमधून पोरांचा गलका आला, मग अमृतचा आवाज, “आरोही?”

आरोहीने आईचा हात सोडला. मान वर केली आणि हसली, फोटोत हसतात तशी, छान. फक्त मोबाइल एका बाजूला होता आणि ती हसत होती खिडकीकडे.

सोनीबाई काही बोलणार, त्याआधी रत्ना पुढे झाली. तिने दोन बोटं लेकीच्या हनुवटीला लावली आणि तिचं तोंड हळूच मोबाइलकडे वळवलं.