कंदुरीहून परतताना

तिसऱ्यांदा मागं घेतला तरी ट्रॅक्टरचा हूक ट्रॉलीच्या दांडीशी जुळेना. वीतभर बाजूलाच राहिला. ट्रॉलीत चढून बसलेली पोरं खिदळली.

सिदूला हसू आलं नाही. एरवी तो पहिल्या झटक्यात ट्रॅक्टर जागेवर आणायचा. पण आज ज्ञानोबामामाच्या नातीच्या नवसाची कंदुरी होती. दर्ग्याच्या माळावर बोकड कापला होता. जेवणाआधी बांधाआड मामानं दोनदा ग्लास पुढं केला होता आणि सिदूनं दोन्हीदा घेतला होता.

त्यानं इंजन बंद केलं आणि तो खाली उतरला.

"मामा, म्या न्हाय चालवत. म्या पेलोय."

"आन् हितं कोण न्हाय पेलं?" मामा हसला. "दोन ग्लासानं काय हुतंय लेका? तू तर झोपंतबी गावाला, सास्तूरला नेशील."

"बावीस माणसं हायेत, मामा. वाटंत बिनकठड्याचा पूल हाय. जीप बोलवा."

"आज गुरुवार. समद्या जीपा कंदुऱ्यांनाच गेल्यात. बायापोरं काय दोन कोस चालवतूस?"

सिदूची बायको अयोध्या लेकराला खांद्यावर टाकून ट्रॉलीत उभी राहिली. नवऱ्याकडं बघत म्हणाली, "पेताना न्हाय आठवला व्हय पूल?"

सिदूनं मान खाली घातली. ती खरं तेच बोलली होती.

तेवढ्यात मामाचा थोरला, गोरोबा, पुढं आला. "सरका. म्या नेतो." ट्रॅक्टरवर चढताना त्याचा पाय दोनदा निसटला. सीटवर बसून तो चावी चाचपडू लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीच खाली उतरलं नाही.

सिदू पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. बोटांना जरा वेळ लागला, पण हवेचा वॉल निघाला. हवा फुसफुसत बाहेर पडली आणि ट्रॅक्टर एका अंगाला कलला.

गोरोबानं वरूनच आईवरून शिवी दिली. मामा मात्र हळू बोलला, तेच जास्त लागलं. "माझ्या नातीच्या नवसाला गालबोट लावलंस, सिदू."

बाया उतरल्या. कुणी पातेलं डोक्यावर घेतलं, कुणी झोपलेलं पोर. दिवस मावळतीला टेकला होता. सिदूच्या जवळून जाताना माणसं तोंडं फिरवून गेली. अयोध्या सगळ्यांच्या पुढं निघाली, तिनं मागं पाहिलं नाही.

ट्रॉलीत द्वारकाबाई तेवढी उरली. सिदूची आई. गुडघ्यांनी तिला घरातच धड चालता येत नव्हतं. सिदू ट्रॉलीला पाठ लावून वाकला. म्हातारी सरकत कडेला आली. मग तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले.

पूल आला. सिदू मधोमध चालला. खाली दगडगोटे होते, पाण्याची नुसती रेघ. पलीकडचा चढ सुरू झाला तसा त्याला धाप लागली.

"दम लागला व्हय रं?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय."

"घे दम. पर तोंड तिकडं कर. लई वास येतुया."

सिदूनं तोंड दुसरीकडं वळवलं, आणि तशाच वाकड्या मानेनं चढ चढू लागला.