स्टँडवरची सायकल

सासऱ्यानं सायकल दिली, तेव्हाच रंगराव बोहल्यावर चढला होता. आता रोज सकाळी तो चेनला तेल घालायचा, सायकल स्टँडवर लावून वर बसायचा आणि जागच्या जागी पायडल मारायचा. "असं केलं का गाडी जल्मभर टिकते," म्हणायचा.

त्याच्या बायकोला, चंपाला, वेगळंच खुपत होतं. केनवडच्या बाजारातून सायकलवर येणाऱ्या माणसाचे पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीनं कसे माखतात? अन् पायी गेलेल्यांच्याही मागून हा घरी कसा पोचतो? वाटेत कोणाच्या ओट्यावर बसतो, ते पाहायला एका बाजाराला ती लपतछपत त्याच्या मागं गेली. तो वाटेत कुठंच बसला नाही, सायकलवरसुद्धा.



दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच सायकलचं स्टँड काढलं.

"बसा," ती म्हणाली. "मी मांगून धरतो."