धक्क्यावरचा दोर

अरल समुद्र आटला तरी म्हातारा शाल्कार नावा बांधायचा दोर दरवर्षी चरबीने चोळून धक्क्यावर ठेवी. धक्क्याखाली आता उंट बसत. बांध घातल्यापासून पाणी परततंय, असं लोक सांगत. धक्क्यावरच आज सून मेरुएर्त धापा टाकत आली. "मामंजी, आनंदाची बातमी! आधी बक्षीस!" रीतच तशी; आधी द्यायचं, मग ऐकायचं. हाताशी होता तो दोरच त्याने तिच्या खांद्यावर टाकला. "धक्क्याला पाणी लागलं!" म्हातारा कडेकडे धावला. खाली उंट निवांत रवंथ करत होते. "इथं नव्हे हो! माझ्या माहेरी, बाबांच्या धक्क्याला." म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या व्याह्याच्या दारी समुद्र, आणि इथं उंटांच्या लेंड्या! पण दिलेलं बक्षीस परत कसं मागणार? "ने तो दोर," तो खेकसला. "गाठ मात्र मीच मारणार. तुझ्या बापाची सुटते."