दोन थेंब

पनवेलहून सकाळीच निघून परेश आणि पूर्वी हे नवरा-बायको माथेरानला चित्रं बघायला आले होते. तीन आर्ट गॅलऱ्या, आणि प्रत्येकीत चाखायला घोटभर वाईन.

परेश मूळचा उरणच्या मोरा बंदरावरचा, कोळ्याचा मुलगा. प्यायच्या आधी पेल्यात बोट बुडवून, वारलेल्या माणसांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर उडवायचे, ही बापाची सवय त्याच्याही हाताला लागलेली. पहिल्या गॅलरीत हातानं तेच केलं.

"अरे, पांढरी फरशी आहे! लोक बघतायत," पूर्वी कुजबुजली.

तो रुमाल घेऊन खाली वाकला. फरशी कोरडीठाक होती.

दुसऱ्या गॅलरीत त्यानं मुद्दाम थेंब उडवले आणि डोळे फाडून बघत राहिला. थेंब बोटावरून सुटताना दिसले. फरशीपर्यंत मात्र पोचलेच नाहीत.

"काय शोधतोयस?"

"काय नाय," तो म्हणाला. गावची बोली कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून निघाली होती.

तिसऱ्या गॅलरीत त्यानं उजवा हात खिशात घट्ट कोंबला. डाव्या हातानं ग्लास उचलला आणि एकही थेंब न उडवता सरळ ओठांना लावला.

खिशातल्या बोटावरून एक खरखरीत जीभ सावकाश फिरली.