यंदाचा निरंक

स्टेपलर काही केल्या सापडेना. कुमुदने केतकीच्या टेबलाचा खालचा खण ओढला, वह्या उपसल्या, आणि तळाशी तिच्या हाताला कागदांचा गठ्ठा लागला. एकाच अर्जाच्या सहा प्रती, नीट टाचलेल्या.

कुमुदला आधी हसूच आलं. सहा प्रतींचं खूळ घरातही पोचलं म्हणायचं! नोएडातल्या एका खासगी विद्यापीठात ती लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या समितीची सचिव होती. लेक केतकी तिथेच एमएस्सीला. कुणी मुलगी रडत आली की कुमुद तिला पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची आणि शेवटी म्हणायची, "बेटा, छह कॉपी ले आओ, गवाहों के नाम के साथ. फिर देखते हैं." मुली परत येत नसत. कुमुदही त्यांच्या मागे लागत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला मनापासून वाटायचं.

त्यामुळे सात वर्षं तिच्या वार्षिक अहवालात एकच शब्द जात होता : निरंक. म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. तिचे वडील साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून होते, हा शब्द त्यांचा. अहवाल गेला की कुमुद दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पेढे आणायची आणि नवऱ्याला ठसक्यात सांगायची, "एक जरी अर्ज आला असता ना, तर गेला असता माझा निरंक!" यंदाचा अहवाल आठवा. तो टाचून उद्या सकाळी द्यायचा होता. नाश्त्याच्या वेळी केतकीने विचारलंही होतं, "आई, या वर्षी पण मिळाला निरंक?" दिल्लीत वाढलेल्या पोरीचं मराठी हे असं. कुमुद हसली होती आणि पोहे परतत राहिली होती.

आता तिने वरची प्रत खिडकीपाशी धरली. तारीख चौदा ऑगस्टची. लॅबचं दार आतून लावून घेतल्याचं लिहिलं होतं. दोनदा. कुठे हात लावला तेही लिहिलं होतं, साध्या, सरळ वाक्यांत. नाव विभागप्रमुखाचं. साक्षीदार म्हणून वर्गातल्या तेजश्रीचं. आणि खाली केतकीची सही.

कुमुदने सही पुन्हा पाहिली. मग पुन्हा.

याच माणसाकडे दिवाळीत तिने फराळाचा डबा पाठवला होता. केतकीच्याच हातून. केतकी नको नको म्हणत होती, तर "एवढंसं काम सांगितलं तरी अंगावर काटा येतो तुझ्या," असं म्हणून कुमुदनेच तिला दाराबाहेर काढलं होतं. ते आठवलं. ती कागद घेऊन पलंगावर बसली.

केस पुसत केतकी आत आली. आईच्या हातातले कागद तिने पाहिले आणि जागीच थांबली.

"हे... हे दिलं का नाहीस गं?" कुमुदने विचारलं.

"कुणाला देणार? वर वाच ना."

वर कुमुदचंच नाव होतं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

"अगं, मी आई आहे तुझी! मला नाही सांगायचं, तर कुणाला सांगायचं?"

"आले होते ना तुझ्या ऑफिसपर्यंत. सगळं बिल्कुल रेडी होतं, सहाच्या सहा कॉपी." केतकीने टॉवेलची घडी घातली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच कुमुदला सोसवेना. "पण यार आई, मी हे दिलं असतं, तर तुला निरंक कसा मिळाला असता?"