एका जागी दोन वारे

"लाल कित्याक इलां गो?" हरिश्चंद्रशेटने विचारलं.

"वारो देणारे दोन झाले, शेट. एक खरो, एक खोटो. एका जाग्यार दोन चालनत नाय."

"मग एक काढ."

रोशेलने लॅपटॉपवर प्रोग्रॅममधली एक ओळ पुसली आणि पुन्हा कंपाइल केलं. लाल गेलं. शेट इतका खूश झाला की मेल्याने चहासुद्धा मागवला.

हा प्रोग्रॅम देवबागला शेटच्या बोटी सोडायचा. खाडीत पाणी कायम शांत. बाहेर समुद्रात काय चाललंय ते जेटीवरून कळत नाही. म्हणून बाहेरच्या खडकावर वारा मोजायचं यंत्र बसवलेलं. वारा बेताचा असला की जेटीवरच्या पडद्यावर आकडा हिरवा, जास्त झाला की लाल. लाल असताना बोट हलवायची नाही.

तीन वर्षांपूर्वी पडदा हिरवा होता, म्हणून लवू बोट घेऊन गेला. तो परत आलाच नाही. प्रोग्रॅम लिहिला होता रोशेलच्या भावाने, ॲल्स्टनने. "कॉम्प्युटर चुकलो," असं शेटने चौकशीत सांगितलं आणि गावाने ॲल्स्टनला खुनी ठरवून टाकलं. तो आता म्हापशाला चुलत्याच्या बेकरीत पाव भाजतो. कीबोर्डला हात लावत नाही.

"भावाची चूक निस्तरूक इलंय," म्हणत रोशेलने हे काम मागून घेतलं. पहिल्याच आठवड्यात शेटने तिला बाजूला बोलावलं.

"प्रोग्रॅमच्या तपासणीचो खोटो वारो आसा मां, कायम आठ सांगणारो? तोच लाव. खऱ्याच्या नादान अर्धो सीझन बोटी बांधून पडतत."

"म्हणजे ॲल्स्टनच्या वेळेक पण तुमीच?"

"मी फायलीत एक नाव बदललंय, बस. जा, बोलान बघ गावात. तुझ्या भावाचां कोणी ऐकल्यान?" आणि तो चक्क हसला.

रोशेलच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती एवढंच म्हणाली, "होय शेट."

जुना प्रोग्रॅम लागणारे भाग चालता चालता शोधायचा. फायलीत ज्याचं नाव, तो जोडायचा. रोशेलने जावा भाषेतली एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आणली. कुठला भाग कोणाला द्यायचा हे ती कंपाइल होतानाच ठरवते आणि साध्या कोडमध्ये लिहून ठेवते. भाग कमी पडला किंवा एका जागी दोन आले, तर लाल दाखवते, पुढे सरकतच नाही.

"म्हणजे मगे कोणाक बदलूक येवचां नाय?"

"तुमका पण नाय."

"बरां झालां," शेट म्हणाला.

सीझनच्या पहिल्या दिवशी जेटीवर देवाला गाऱ्हाणं घालून झालं, समुद्राला नारळ दिला. पहिल्या बोटीत मालकाच्या घरचं माणूस बसायचं, ही शेटच्या बापापासूनची रीत. शेटने गुडघा धरला. "माझो पाय दुखता."

"तुमची नात आसा मां," रोशेल म्हणाली. तिने सहा वर्षांच्या तेजस्वीला जॅकेट घातलं आणि स्वतः उचलून बोटीत, सुकाणूवरच्या तांडेल बाबलीशेजारी ठेवलं. आज शेटला सोडायचं नाही, हे तिचं कधीच ठरलेलं.

"आबा, अकरा!" तेजस्वी पडद्याकडे बघून ओरडली. आकडे वाचायला ती नुकतीच शिकली होती. शेटचं लक्ष कुठे होतं! तो खाडीच्या तोंडाकडे बघत होता. बाहेर आभाळ काळवंडलेलं.

"बाबली, उतरव तिका! पोटात दुखता तिच्या."

"माझ्या खंय दुखता?" पोर हसली.

बाबलीने दोर सोडला. "शेटनू, हिरवो आसा. कित्याक भियातास?"

बोट निघाली. शेट कपड्यांसकट पाण्यात धावला. दुखरा गुडघा गेला उडत.

"थांब रे! आकडो खोटो आसा! मीच घालूक लायलंय!"

लवूची बायको मथुरा गर्दीतून पुढे आली. "आणि माझ्या घोवाच्या वेळेक?"

बोट अजून जातच होती.

"तेवा पण मीच! ॲल्स्टनान काय करूक नाय! आता थांबवा रे तिका!"

बाबलीने इंजिन बंद केलं. रोशेलने हातातला मोबाइल कानाला लावला. फोन केव्हाचा म्हापशाला जोडलेला होता.

"ऐकलंस मां, ॲल्स्टन?"

मग तिने शेटला हात देऊन पाण्यातून वर ओढलं.

"दोनातलो खोटो वारो मी तुमी चहा मागवलास त्याच दिवशी काढलंय, शेट. तो कायम आठच सांगता. वरती किती आसा, वाचा."

पडद्यावर हिरवे अकरा होते.