कपाटातला चेंडू

दुसरीच्या पोरांना चेंडू झेलता येतो का, हे आज मला तपासायचं होतं. आणि चेंडू होता मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीसकट. "मळला तर साहेबांना तपासणीत काय दाखवू? नुसती ॲक्शन बघा, मॅडम, आणि गुण द्या," म्हणत सर मैदानात खुर्ची टाकून बसले. शेजारच्या कांदाचाळीतून सडका वास येत होता, पण शिसारी आली ती सरांची. मी खोटं खोटं फेकत गेले, पोरं खोटं खोटं झेलत गेली. "झकास!" सर ओरडत होते. हर्षालीनं मात्र ओंजळ पुढे केली आणि पायाशी बघितलं. "सुटला, मॅडम." ती कुंपणापर्यंत धावली, वाकली आणि नसलेला चेंडू फ्रॉकला पुसत परतली. सर पोट धरून हसले. माझ्याकडे न येता तिनं ओंजळ सरांपुढे धरली. "नीट पुसलाय, सर. आता कपाटात ठेवा."